मोटारीतील गारवा : तो का टिकत नाही?

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. त्या दिवसापासूनच्या नऊ दिवसांना छत्तीसगडात ‘नौतपा’ असे नाव आहे. या सुमारास रायपूर शहरातील पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांतील कूलरना दिवसभर विसावा मिळत नाही. शहरातील चौबे कॉलोनी ही मराठी माणसाला परिचित असलेली वसाहत. महाराष्ट्र मंडळाची वास्तू येथेच आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून छत्तीसगडचा कारभार प्रत्यक्ष पाहावयास आरंभ केला. तेव्हापासून या प्रदेशाचा नागपूरशी जो संबंध जडला, तो आजही सोयरिकींच्या, शिक्षणाच्या आणि औषधोपचाराच्या निमित्ताने टिकून आहे. येथून नागपूर सुमारे २८० किलोमीटर. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, साकोली, भंडारा असा हा मार्ग भर उन्हाळ्यात मोटारीने कापावयाचा, तर मोटारीतील वातानुकूलन ही केवळ चैनीची बाब उरत नाही. सोबत हृदयविकाराचे आजोबा असतील किंवा तान्हे मूल असेल, तर ती प्रकृतीच्या रक्षणाची बाब ठरते.

अशा प्रवासात वातानुकूलन पूर्णपणे बंद पडले, तर निदान निर्णय तरी सोपा असतो. खरी पंचाईत होते ती ते लहरीपणाने वागू लागले म्हणजे. हमरस्त्यावर ते उत्तम गारवा देते आणि सिग्नलपाशी थांबताच उष्ण वारा सोडू लागते. सकाळी ठीक चालते आणि दुपारी दोन वाजता हात टेकते. गाडी गॅरेजमध्ये नेली, की सावलीत, अर्ध्या तासात सर्व काही सुरळीत असल्याचे दिसते. मेकॅनिक ‘गॅस कमी झाला असेल’ असे म्हणतो, गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते.

हा लहरीपणा वस्तुतः लहरीपणा नव्हे. यंत्राला लहर नसते. ते ज्या परिस्थितीत थकते, ती परिस्थितीच त्याच्या दोषाची साक्ष देत असते. ही साक्ष कशी वाचावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

माठ, वाळा आणि यंत्र

माठातील पाणी गार का होते, हे सर्वांना ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले असता आत गार झुळूक येते, त्याचेही कारण हेच. मोटारीतील यंत्रणा याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की, येथे बाष्परूप होणारा द्रव हवेत निघून जात नाही. तो बंद नळ्यांतून पुनःपुन्हा फिरविला जातो. या द्रवाला शास्त्रीय परिभाषेत प्रशीतक म्हणतात. व्यवहारात त्याला सरसकट ‘गॅस’ असेच संबोधले जाते.

या चक्राचे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एंजिनाच्या पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर वायुरूप गॅस दाबतो. त्यामुळे त्याचा दाब व तापमान ही दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात हा तप्त वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये येतो. तेथे बाहेरची हवा त्याची उष्णता वाहून नेते आणि त्याचा द्रव बनतो. तिसऱ्या टप्प्यात हा द्रव एका अरुंद झडपेतून, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, कमी दाबाच्या भागात सोडला जातो. चौथ्या टप्प्यात डॅशबोर्डच्या आड असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून बाष्परूप होतो आणि ब्लोअरने सोडलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. तोच वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोटारीतील यंत्रणा गारवा ‘तयार’ करीत नाही. ती आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. तेव्हा गारवा नाहीसा झाला, तर दोनच प्रश्न विचारावयाचे : उष्णता उचलली जात नाही काय, की उचललेली उष्णता बाहेर टाकली जात नाही? पुढील सर्व निदान या दोन प्रश्नांभोवती फिरते.

या यंत्रणेचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली शिकागोच्या प्रदर्शनात वातानुकूलित मोटार मांडली. त्या यंत्रणेने सामानाच्या कप्प्यातील निम्मी जागा व्यापली होती आणि कॉम्प्रेसर थांबविण्याची सोय तिच्यात नव्हती. गारवा नको झाला, तर एंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. आजच्या गाड्यांत कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकी क्लच असतो, दाब व तापमान मोजणारी उपकरणे असतात आणि धोका संभवताच ती कॉम्प्रेसर आपोआप थांबवितात. आपण ज्याला लहरीपणा म्हणतो, तो पुष्कळदा या पहारेकऱ्यांनी वेळेवर दिलेला इशारा असतो.

उन्हाळ्याची दुहेरी कसोटी

उन्हाळ्यात यंत्रावर दोन्ही बाजूंनी भार पडतो. एकीकडे आतली उष्णता वाढते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांनी किंवा त्याहूनही अधिक तापू शकते, आणि यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. डॅशबोर्ड व आसने तर हवेपेक्षाही अधिक तापतात आणि पुढे कितीतरी वेळ उष्णता सोडीत राहतात. दुसरीकडे, ही उष्णता ज्या हवेत टाकावयाची, ती हवाच तापलेली असते.

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. बाहेरची हवा ४५ अंशांची असेल, तर कंडेन्सरमधील गॅस तिच्याहून बराच तापलेला, म्हणजे ६० ते ६५ अंशांचा असावा लागतो. गेली कित्येक वर्षे बहुसंख्य गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस ३० अंशांना सुमारे ७.७ बार दाबाखाली द्रवरूप होतो. ६० अंशांना त्यासाठी जवळजवळ १७ बार दाब लागतो. अर्थात नौतपातील दुपारी कॉम्प्रेसरला हिवाळ्याच्या दुप्पटीहून अधिक दाब निर्माण करावा लागतो. जानेवारीत जो किरकोळ दोष कोणाच्या लक्षातही येत नाही, तो मे महिन्यात उघडकीस येतो, याचे कारण हे आहे. उन्हाळा दोष निर्माण करीत नाही, तो दडलेला दोष चव्हाट्यावर आणतो.

लक्षणांची भाषा

*चालताना गार, थांबताच गरम.* ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार होय. गाडी वेगाने धावत असता वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. गाडी थांबली की हे काम पंख्यावर येऊन पडते. पंखा फिरत नसेल, मंद फिरत असेल, किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ, कीटक व झाडांचा कापूस अडकला असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. दाब वाढत जातो, आणि तो सुमारे ३० बारपर्यंत पोचला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर थांबवितो. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा चालू होतो. आळीपाळीने गार व गरम वारा येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. रायपूरच्या परिसरात या कारणाला स्थानिक जोड मिळते. उरला व सिलतरा येथील लोखंड-पोलादाच्या कारखान्यांमुळे हवेत बारीक काळी धूळ असते, आणि तिचा थर तेलकट जाळीवर घट्ट बसतो.

पंख्याच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अनेक गाड्यांत पंख्याला दोन गती असतात, किंवा दोन पंखे असतात. त्यांपैकी एकच गती किंवा एकच पंखा निकामी झाला असेल, तर वरवर पाहणाऱ्याला पंखा फिरताना दिसतो आणि तो निर्दोष ठरविला जातो.

या लक्षणाचे दुसरे कारण म्हणजे झिजलेला कॉम्प्रेसर. एंजिन मंद फिरत असता तो पुरेसा दाब देऊ शकत नाही, वेगात असता कसाबसा देतो. दोहोंतील फरक दाबमापकावर स्पष्ट दिसतो. पंख्याचा दोष असेल, तर वरच्या बाजूचा दाब फार चढतो. कॉम्प्रेसर झिजलेला असेल, तर तो चढतच नाही आणि खालच्या बाजूचा दाब मात्र जास्त राहतो.

*सकाळी ठीक, दुपारी बंद.* हे लक्षण कॉम्प्रेसरच्या क्लचकडेही बोट दाखविते. क्लचच्या दोन चकत्यांमधील अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ते वाढते. तांब्याच्या तारेचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो. तार १०० अंशांनी तापली, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. साहजिकच वीज कमी वाहते, चुंबकाची ओढ कमी पडते, आणि थंड असताना जी चकती सहज खेचली जात होती, ती आता खेचली जात नाही. गाडी तासभर सावलीत उभी राहिली की सर्व पूर्ववत होते. गॅरेजमध्ये दोष सापडत नाही, तो यामुळे. तापल्यावर संपर्क सोडणारी रिले हेही याच जातीचे कारण आहे. त्याच क्षमतेची दुसरी रिले बसवून त्याची खातरजमा करता येते.

*तासाभराने वारा मंदावतो.* येथे हवा गरम होण्यापूर्वी तिचा जोरच कमी होतो, आणि ब्लोअरचा आवाज मात्र तसाच राहतो. याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ जमला आहे. हवेतील बाष्प कॉइलवर गोठू नये, म्हणून तिचे तापमान शून्याच्या किंचित वर राखणारा सेन्सर तेथे असतो. तो बिघडला, किंवा केबिन फिल्टर तुंबल्यामुळे कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही, तर बर्फाचा थर वाढत जाऊन हवेची वाट अडते. कॉम्प्रेसर बंद ठेवून ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला आणि वारा पूर्ववत झाला, तर निदान पक्के समजावे. ही तक्रार मे महिन्याच्या कोरड्या हवेपेक्षा जून-जुलैच्या दमट हवेत अधिक आढळते.

*वाऱ्याचा जोर कायम, पण गारवा मधूनच नाहीसा.* यंत्रणेत पाण्याचा अंश शिरला असेल, तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रापाशी गोठतो आणि गॅसची वाट बंद करतो. थोड्या वेळाने तो कण वितळला की गारवा परत येतो. दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा व ओल निर्वात पंपाने पुरती काढली गेली नाही, किंवा ओल शोषून घेणारा ड्रायर निकामी झाला, तर असे घडते.

*चढावर किंवा जोरात पुढे जाताना गरम.* एंजिनावर फार भार आला असता कित्येक गाड्यांतील नियंत्रक काही क्षण कॉम्प्रेसर सोडवितो. हा दोष नव्हे. मात्र एंजिनाचे तापमान वाढल्यामुळे कॉम्प्रेसर थांबत असेल, तर वातानुकूलनाकडे पाहण्यापूर्वी रेडिएटर, कूलंट व थर्मोस्टॅट तपासले पाहिजेत. तापमानाचा काटा वर जात असता गारव्याची चिंता करणे म्हणजे आजार एका जागी व उपचार दुसऱ्या जागी, असे होय.

*एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम.* गार व उष्ण हवेचे प्रमाण ठरविणारी एक झडप डॅशबोर्डच्या आड असते. तिची लहानशी मोटर अडकली, तर कॉइल उत्तम गार असूनही तिच्या हवेत हीटरची उष्ण हवा मिसळते. अशा वेळी बॉनेटखाली कितीही शोध घेतला, तरी हाती काही लागत नाही. काही गाड्यांत गॅस कमी असल्यामुळे कॉइलचा एकच भाग गार होतो आणि तेच लक्षण दिसते. म्हणून येथेही मोजमापावाचून निष्कर्ष काढू नये.

‘गॅस कमी झाला आहे’

या एका वाक्याने वाहनमालकांचा जितका पैसा खर्च झाला असेल, तितका दुसऱ्या कशाने क्वचितच झाला असेल. गॅस हे इंधन नव्हे. ते जळत नाही आणि चक्र पूर्ण करताना खर्चही होत नाही. रबरी नळ्या व सांधे यांतून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो, हे खरे; परंतु एकाच उन्हाळ्यात तो पुनःपुन्हा भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

याहून गंभीर चूक म्हणजे अंदाजाने गॅस भरणे. बंद यंत्रणेत जोवर थोडा जरी द्रव शिल्लक आहे, तोवर आतला दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो, गॅसच्या प्रमाणावर नव्हे. एंजिन बंद असलेल्या व ३५ अंशांना स्थिरावलेल्या गाडीत ३०० ग्रॅम गॅस असो की ५००, आर-१३४एचा दाब सुमारे ८.९ बार एवढाच राहील. म्हणजे मापकाकडे नुसती दृष्टी टाकून ‘एवढा गॅस कमी आहे’ असे सांगता येत नाही. लहान मोटारीत एकूण गॅसच साधारणपणे ३०० ते ६०० ग्रॅम असतो. नेमका आकडा बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेला असतो. शंभर ग्रॅमची चूकही तेथे मोठी ठरते. योग्य पद्धत एकच : असलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, त्याचे वजन करावे, गळती तपासावी, यंत्रणा निर्वात करावी आणि पट्टीवरील वजनाइतका गॅस मोजून भरावा.

जास्त गॅस अपायकारक का ठरतो? कंडेन्सरचा काही भाग द्रवाने भरून जातो, उष्णता टाकण्यास उरलेली जागा अपुरी पडते, आणि दाब वाढतो. म्हणजे ज्या गाडीचा मूळ दोष पंखा किंवा तुंबलेली जाळी हा आहे, तिच्यात अधिक गॅस भरला असता रोग बळावतो. सकाळच्या गारव्यात मात्र तीच गाडी काही काळ बरी वाटते, आणि उपाय लागू पडल्याचा भ्रम होतो.

तपासणीचा क्रम

स्वस्त, सोपे व निरुपद्रवी उपाय आधी आणि महागडे नंतर, हे कोणत्याही निदानाचे सूत्र आहे. मोटारीच्या बाबतीत तो क्रम असा ठेवता येईल.

प्रथम मोजमाप. मधल्या झरोक्यात साधा तापमापक ठेवून, आतली हवा फिरविण्याचे बटण दाबून, गाडी वेगात असताना व उभी असताना, सकाळी व दुपारी तापमान टिपावे. बाहेर ४० अंश असता १० ते १५ अंशांची हवा येत असेल, तर यंत्रणा सर्वसाधारणपणे निरोगी समजण्यास हरकत नाही. या चार आकड्यांची चिठ्ठी मेकॅनिकच्या हाती दिली, तर त्याचे अर्धे काम होते.

दुसरे, वापराची रीत. बाहेरची ४५ अंशांची हवा सतत आत घेत राहिल्यास कोणतीही यंत्रणा थकेल. तापलेल्या गाडीत बसताच एक-दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून आतली उष्ण हवा घालवावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवावी. प्रवास लांबचा असल्यास अधूनमधून थोडी ताजी हवाही घ्यावी, नाहीतर डोके जड होते.

तिसरे, केबिन फिल्टर. तो बहुधा समोरच्या कप्प्यामागे असतो आणि अवजारांवाचून निघतो. धुळीच्या शहरात तो वर्षभरही टिकेलच, असे नाही.

चौथे, पंखा व जाळी. वातानुकूलन चालू करून, हात व कपड्यांची टोके दूर ठेवून, गाडीच्या पुढील जाळीवर वर्तमानपत्राचे पान धरावे. पंखा ठीक असल्यास ते पान आत खेचले जाऊन चिकटून राहते. एंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हे मात्र विसरता कामा नये. कंडेन्सरची जाळी बारीक असते. ती धुताना पाण्याचा जोर मर्यादित ठेवावा, नाहीतर पत्रे वाकून हवेची वाट कायमची अडते. कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा समोरून दिसत नाही, तोही काढावयास हवा.

पाचवे, पाण्याची कसोटी. गाडी उभी असता गारवा जात असेल, तर कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारावा. तापलेल्या एंजिनावर किंवा विजेच्या जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नये. झरोक्यातील तापमान दोन-तीन मिनिटांत झपाट्याने उतरले, तर उष्णता बाहेर टाकण्यातच अडथळा आहे, हे सिद्ध झाले. ही कसोटी बिनखर्चाची आहे आणि कित्येकदा निर्णायक ठरते.

यानंतरची पायरी कुशल मेकॅनिकची. दोन्ही बाजूंचे दाब, क्लचमधील अंतर, रिले, सेन्सर, आणि गळतीसाठी साबणाचे पाणी, नायट्रोजन किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, अशी त्याची साधने होत. कॉम्प्रेसर बदलण्याचा निर्णय या सर्वांनंतर यावा, आरंभी नव्हे.

काही सावधगिरीच्या गोष्टी

गॅसचा सांधा स्वतः उघडू नये. द्रवरूप गॅस कातडीवर किंवा डोळ्यात उडाल्यास हिमदाह होतो. स्वस्त पडतो म्हणून घरगुती गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही वायू भरणे हे तर आगीला आमंत्रण होय. आर-१३४एसाठी बनविलेल्या यंत्रणेत तोच गॅस व त्याला अनुरूप तेल वापरले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसरला उच्च दाबाची वीज पुरविलेली असते. तेथील नारिंगी तारांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. अशा कित्येक गाड्यांत बॅटरी गार राखण्याचे कामही हीच यंत्रणा करते, आणि बॅटरी तापली असता प्रवाशांच्या वाट्याचा गारवा काही काळ कमी होणे स्वाभाविक आहे.

गॅस हवेत सोडून देणे हा निष्काळजीपणा केवळ खिशाला नव्हे, तर पृथ्वीलाही भोवतो. पूर्वीचा आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक आहे, हे संशोधन १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी मांडले. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता वातावरणात अडकवितो. अर्धा किलो गॅस सुटणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली, ती या जातीच्या वायूंचा वापर उतरत्या क्रमाने कमी करण्यासाठीच.

आणखी दोन गोष्टी जीविताशी निगडित आहेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मूल, वृद्ध किंवा मुके जनावर क्षणभरही बंद करून ठेवू नये. वातानुकूलन चालू आहे या भरवशावर तर मुळीच नव्हे, कारण ते कोणत्या क्षणी थांबेल याची शाश्वती नसते, हे वरील विवेचनावरून ध्यानात आलेच असेल. तसेच बंद जागेत एंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे प्राणघातक ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एक उदाहरण

समजा, चौबे कॉलोनीतील एका कुटुंबाला आजोबांना तपासणीसाठी नागपूरला न्यावयाचे आहे. गाडी दुर्गपलीकडे उत्तम गार होते, जी. ई. रोडवरील सिग्नलवर मात्र पाच मिनिटांतच उष्ण वारा येतो. एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून झाला आहे. दुसऱ्या खेपेनंतर तक्रार कमी न होता वाढली. आता कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

वरील क्रमाने विचार केला, तर काय दिसते? हमरस्त्यावर गारवा मिळतो. म्हणजे कॉम्प्रेसर, झडप व कॉइल आपापली कामे करीत आहेत. थांबल्यावर तो जातो. म्हणजे संशय पंखा, जाळी, किंवा मंद गतीत दुबळा पडणारा कॉम्प्रेसर यांवर येतो. गॅस वाढविल्यावर तक्रार बळावली. म्हणजे कमतरतेपेक्षा अतिरेकाची शक्यता अधिक. कंडेन्सरवर पाणी शिंपडताच तापमान उतरले. म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही, हे ठरले. वर्तमानपत्राचे पान एका बाजूला चिकटले, दुसऱ्या बाजूला गळून पडले. म्हणजे दोहोंपैकी एक पंखा बंद आहे. राहता राहिले काम पंखा दुरुस्त करणे, जाळीतील काळी धूळ धुणे आणि जादा भरलेला गॅस काढून तो वजनाने पुन्हा भरणे, एवढेच. कॉम्प्रेसरचा खर्च वाचतो, आणि आजोबांचा प्रवास सुखाचा होतो.

या उदाहरणात विलक्षण असे काही नाही, आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. पान, पाणी, तापमापक आणि थोडा धीर एवढ्या साधनांवर एक मोठी चूक टळली. उष्णता कोठून उचलली जाते आणि कोठे टाकली जाते, हा एक प्रश्न मनाशी पक्का ठेवला, तर बॉनेटखालील नळ्यांचे जंजाळ परके वाटत नाही. रोहिणी नक्षत्र दरवर्षी येणारच आहे; त्यापूर्वी, चैत्रातच, घरातील कूलरला वाळ्याची नवी ताटी बसविताना गाडीचा पंखा व जाळीही एकदा पाहून ठेवणे, हेच शहाणपणाचे होय.